लेथवर हात बसत नाही म्हणणारी पोरं

मी टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथ मशीनवर फिरता धातू कापून आकार द्यायला शिकवणारा निदेशक. त्या दिवशी कोल्हापुरातल्याच दुसऱ्या एका आयटीआयत अप्रेंटिसशिपची पसंती भरून घ्यायला गेलो होतो. शिरोली, गोकुळ शिरगाव की कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, एवढंच मुलांनी लिहायचं होतं. कागलकडच्या एका मुलानं रकाना कोराच ठेवला.

"सर, लेथवर माझा हातच बसत न्हाय ओ. पोलीस भरतीचं बघतो."

थिअरीत पोरगं पक्कं होतं. मी त्याचे जॉब, म्हणजे त्यानं लेथवर केलेले तुकडे, मागवले. दोन सेंटरमध्ये (दोन टोकांच्या टोकदार आधारांमध्ये) धरून टर्निंग केलेले, २५ मिमी व्यासाचे. मायक्रोमीटर लावला, तर हेडस्टॉककडं (जॉब फिरवणाऱ्या टोकाला) २५.१८ आणि टेलस्टॉककडं (आधार देणाऱ्या दुसऱ्या टोकाला) २५.०२. दुसऱ्या जॉबलाही जवळपास तेवढाच उतार, त्याच बाजूला. हाताची चूक अशी नसते, ती दर जॉबला बदलते. एकाच दिशेचा टेपर, म्हणजे असा उतार, आला की आधी मशीन तपासायचं.

टेलस्टॉक कामगाराच्या बाजूला सरकलेला होता. दोन टोकांच्या व्यासात ०.१६ चा फरक, म्हणजे सेंटर त्याच्या निम्मं, ०.०८ मिमी हललेलं. टेलस्टॉकच्या बॅरलला बाजूनं डायल गेज (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं साधन) टेकवला, क्लॅम्प सैल केला, बाजूचा एक स्क्रू ढिला करून समोरचा आवळला आणि काटा ०.०८ मागं गेल्यावर क्लॅम्प घट्ट केला. घट्ट करताना काटा पुन्हा हलतो, म्हणून परत बघावं लागतं. मग त्याच मुलाला नवी बार देऊन हलका कट घ्यायला लावला. फरक ०.०२ वर आला. त्यानं दोन्ही टोकं पुन्हा पुन्हा मोजली, मायक्रोमीटर काही खाली ठेवेना.

कोरा रकाना ठेवणारे आणखी दोघं होते. तेही वर्षभर याच लेथवर. शेजारी चांगला लेथ उभा होता, पण तो परीक्षेपुरता झाकून ठेवलेला. नोटीस बोर्डावर सगळ्या भरतीच्या जाहिराती. उद्यमनगर इतक्या जवळ असून तिथल्या मशीनशॉपमध्ये या बॅचची एकही भेट झालेली नव्हती. शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग पुढं कुठं जातं, त्यावर बोअरिंग-फेसिंग (भोक मापात आणणं, तोंड सपाट करणं) कोण करतं, हे पोरांना ठाऊकच नव्हतं. अशा शॉपमधून पोरगं ट्रेड सोडतं, आणि घरी म्हणतात, त्याला आवडच नव्हती. मला याचा फार त्रास होतो.

भरतीला माझा विरोध नाही. पण "मला जमत नाही" हे मशीन तपासल्याशिवाय कुणाच्या डोक्यात बसू नये.

तिथल्या निदेशकांना मी दोन गोष्टी मागितल्या. दर महिन्याला प्रत्येक लेथवर टेस्ट बार (तपासणीची सळई) लावून दोन टोकांचं माप मशीनवरच लिहून ठेवायचं, मुलांना दिसेल असं. आणि झाकलेला लेथ उघडायचा. पहिली गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीसाठी प्राचार्यांची सही लागते म्हणाले. त्या मुलानं दुपारी शिरोली लिहिलं. बाकीच्या दोघांचे रकाने अजून कोरे आहेत. त्यांचे जॉब मी पुढच्या आठवड्यात सरळ केलेल्या लेथवर करून घेणार आहे.