वर्गणी, धपाटे आणि ठराव

सरकारी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या आम्हा पोरांना दिवाळीच्या खालोखाल सण म्हणजे 12 मे. आई अधिपरिचारिका. नर्सेसच्या संघटनेची तालुक्याच्या गावात जी शाखा होती, ती दरवर्षी परिचारिका दिनाला संमेलन भरवायची. ओपीडीसमोरच्या पटांगणात पाणी मारून सतरंज्या टाकायच्या, ऊन कलल्यावर माइक लावायचा. मराठवाड्यातला मे आणि त्यात पत्र्याचा मांडव, त्यामुळे दिवे लागल्याशिवाय कुणी फिरकत नसे.

या संमेलनाची एक गंमत होती. सगळ्या जणी एका वेळी कधीच हजर नसायच्या. वॉर्ड थोडाच बंद ठेवता येतो! दुपारची ड्युटी करून, ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवून, रात्री साडेआठनंतर येणाऱ्या सिस्टरांसाठी संमेलनातलं नाटुकलं दुसऱ्यांदा करावं लागे. दुसरा प्रयोग हमखास जास्त रंगायचा, कारण तोवर ब्रदरांची, म्हणजे पुरुष परिचारकांची, भीड चेपलेली असे. एका वर्षी स्टोअरकीपरच्या भूमिकेतल्या ब्रदरने खरोखरच्या स्टोअरची किल्ली हलवत ‘ग्लोव्हज पुढच्या महिन्यात’ असं म्हटलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या साहेबांना हसावं की नाही ते कळेना.

जेवणात धपाटे, दही, ठेचा आणि गावरान आंब्याचा रस. नाइटवाल्यांसाठी पहाटे मुरमुऱ्याचा सुशीला. धपाट्यांचं पीठ आदल्या रात्री वॉर्डातल्या मावश्या आमच्याच अंगणात मळायच्या. मावश्या चतुर्थ श्रेणीतल्या, त्यांची संघटना वेगळी. पण पंगतीत ते आठवायची कुणाची छाती नव्हती, कारण तिखटमीठ त्यांच्या हातात होतं.

सुरुवातीला दिवे लावून शपथ व्हायची. मग मेट्रनबाई, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, बोलायच्या. ज्यांच्या वाढदिवशी हा परिचारिका दिन असतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा जन्म 1820 चा, क्रिमियाच्या युद्धातलं स्कुटारीचं रुग्णालय, तिथे रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांना बघणं, एवढं आम्हा पोरांनाही पाठ होतं. मेट्रनबाईंचा सूर मात्र दरवर्षी चढायचा तो पुढे. ‘दिव्याचं कौतुक सरकारला परवडतं गं. बाईने मेलेल्या सैनिकांचे आकडे काढून तक्ते मांडले, वरच्यांना जाब विचारला, ते कुणी सांगत नाही.’ आणि लगेच हेही सांगायच्या की नर्सेसची सरकारदरबारी नोंदणी व्हावी या मागणीला खुद्द नाइटिंगेलबाईंचाच विरोध होता. देवघरातल्या मूर्तीचे दोष सांगणारी अशी बाई मला पुढे कुठे भेटली नाही.

भारतात ट्रेन्ड, म्हणजे प्रशिक्षित, नर्सेसची असोसिएशन 1908 साली उभी राहिली. पण असोसिएशन आणि लढणारी संघटना यांत पुष्कळ अंतर असतं. नर्सने संप करणं शोभत नाही, ही समजूत जगभरची. ब्रिटनमधलं रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग, म्हणजे तिथल्या नर्सेसची संघटना, 1916 चं. संप न करण्याचा नियम त्यांनी 1995 पर्यंत पाळला आणि पहिला संप डिसेंबर 2019 मध्ये, तोही उत्तर आयर्लंडात केला. अमेरिकेतल्या नर्सेसच्या संघटनेने असाच नियम 1968 मध्ये सोडला. त्या मानाने आमच्या बाया पुढेच होत्या म्हणायच्या.

कारण आमच्याकडे 1977-78 चा संप झालेला होता. र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून 54 दिवस काढले. जेवणं उरकली की या संपाच्या गोष्टी निघत, आणि दरवर्षी त्या थोड्या वाढत. कुणी पाटल्या मोडल्या, कुणाला किराणा दुकानदाराने ‘सिस्टर, तुम्हीच माझ्या लेकराला जगात आणलं’ म्हणत उधारीवर ज्वारी दिली. एकीचं म्हणणं पडायचं, आपण घरी बसलो तर बाळंतिणीचं काय? दुसरी म्हणायची, मग कॅज्युअल्टी आणि लेबर रूम चालू ठेवा, बाकीच्यांनी गेटवर बसा. हा वाद कधीच मिटला नाही, पण तो दरवर्षी व्हायचा आणि नव्या लागलेल्या मुली डोळे मोठे करून ऐकायच्या. माझ्या मते संघटना त्यांना कळायची ती तिथे. वर्गणीचं पावती पुस्तक दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायचं आणि तेव्हा फार बोलावं लागत नसे.

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या मे महिन्यात नाटुकलं ठेवलं नव्हतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर जिकडून तिकडून सिस्टर तिकडे गेल्या होत्या. त्या वर्षी नुसतं जेवण झालं.

अरुणा शानबाग यांचं नाव दरवर्षी निघायचं. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, आणि मुंबईतल्या परिचारिकांनी काम बंद करून सुरक्षिततेची मागणी केली. पुढे जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. 18 मे 2015 ला त्या गेल्या, तेव्हा आमचं संमेलन होऊन आठवडाही झाला नव्हता. आई तेव्हा निवृत्त झालेली. फोन करकरून बायका पुन्हा गोळा केल्या आणि त्याच पटांगणात बसल्या.

अलीकडच्या संमेलनांचा रंग वेगळा आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे मार्च 2023 च्या संपात याच मुली पुढे होत्या. त्याआधी मे 2022 मध्ये बाहेरच्या एजन्सीमार्फत कंत्राटी भरती नको म्हणून राज्यभर काम बंद झालं होतं. आता तर पंगतीला खासगी दवाखान्यातल्या पोरीही येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सला किमान 20,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. त्या आकड्यावर या पोरी जे हसतात ते नाटुकल्यातल्या कुठल्याही विनोदापेक्षा मोठं असतं.

गेल्या खेपेला आईला घेऊन गेले होते. कंत्राटी सिस्टरांकडून अर्धीच वर्गणी घ्यावी, असा ठराव एका तरुण ब्रदरने मांडला. आई खुर्चीतून उठली आणि म्हणाली, ‘वर्गणी अर्धी घे बाबा, पण मत पूर्ण दे.’ त्यावर पाऊण तास भांडण झालं. तोवर धपाटे गार झाले होते. ठराव मंजूर झाला, आणि मावश्यांनी तवा पुन्हा चुलीवर ठेवला.