उतरायचे कुठे आणि परतायचे कुठून

हैदराबादला स्थायिक झालेली माझी मामेबहीण आणि तिचे यजमान फेब्रुवारीत आठ दिवसांसाठी महाराष्ट्र पाहायला येणार असल्याचे ठरले, तेव्हा तिने वहीच्या पानावर काढलेला एक नकाशा मला पाठवला. मध्यभागी पुणे, भोवती वेरूळ, शिर्डी, कोल्हापूर आणि मालवण, आणि पुण्यापासून निघून पुन्हा पुण्यातच परतणारे आठ बाण. "दादा, सामान तुझ्याकडे ठेवू आणि विमानाने एकेक ठिकाण करून येऊ," असे खाली लिहिले होते.

पुण्यात राहणाऱ्यांना असे नकाशे नवे नाहीत. आपल्या राज्यात विमानतळ बरेच आहेत, शिर्डीसाठी काकडी आणि नाशिकसाठी ओझरसुद्धा आहे, परंतु यांतील बहुतेकांना जोडणारी विमाने मुंबईची किंवा परराज्यांतील मोठ्या शहरांची असतात. पुण्याहून नागपूरला विमानाने जाण्यात अर्थ आहे, कारण तो रस्ता सातशे किलोमीटरांहून अधिक आहे. कोल्हापूर किंवा वेरूळसाठी मात्र पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दोन तास आधी जाऊन बसण्याइतक्या वेळात माणूस निम्मी वाट कापतो. म्हणून माझे मत असे, की महाराष्ट्रात विमान हे येण्यासाठी आणि जाण्यासाठी वापरावे, मधला प्रवास रस्त्याने आणि रेल्वेने करावा, आणि ज्या विमानतळावर उतरलो तिथूनच परतण्याचा हट्ट सोडावा.

मी तिला बाण खोडून एकच रेघ काढून दिली. हैदराबादहून छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर थेट उतरता येते आणि तिथून वेरूळ सुमारे तीस किलोमीटरवर, तर अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे. तिच्या कागदावर वेरूळ मंगळवारी होते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, हे लक्षात न घेतल्यामुळे बंद फाटकासमोर फोटो काढून परतलेली किमान दोन कुटुंबे माझ्या ओळखीची आहेत! तिथून शिर्डी करून मोटारीने पुण्याला यावे. पुढे कोल्हापूरसाठी सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झालेली वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते. वार जुळला तर ती, नाहीतर स्वारगेटहून एसटी. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाटाने मालवणला उतरण्याचा रस्ता तर स्वतंत्र सहल म्हणावी असा आहे.

परतीचा प्रश्न खरा इथे येतो. मालवणला सर्वांत जवळचा विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झालेला चिपीचा, पण तिथून सुटणारी विमाने मोजकी, त्यामुळे आधी वेळापत्रक पाहावे आणि मगच खोली आरक्षित करावी. गोव्याच्या हद्दीतील मोपा विमानतळ थोडा लांब असला, तरी सावंतवाडीमार्गे तिथे पोहोचणे सोपे आहे आणि हैदराबादला थेट विमानही मिळते.

"मग मुंबईहून का नको?" असे तिच्या यजमानांनी विचारले. परदेशातून येणाऱ्यांना मुंबई टाळता येत नाही, हे मान्य. डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने पुणेकरांचा मुंबई शहरातून बाहेर पडण्याचा वेळही वाचतो. तथापि एका शुक्रवारी संध्याकाळी पाहुण्यांना मुंबईच्या सहार विमानतळावरून घेऊन येताना खंडाळ्याच्या घाटात आम्ही ट्रकच्या मागील दिव्यांकडे पाहत अडीच तास काढले होते, आणि मागच्या आसनावरील आजोबांनी बोगद्याच्या तोंडाशी डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली होती. त्या संध्याकाळपासून शुक्रवारी मुंबईत उतरणाऱ्यांना मी दादरहून शिवनेरी बसने नव्हे, तर रेल्वेने येण्यास सांगतो. डेक्कन क्वीन १९३० सालापासून त्याच घाटातून पुण्याला येते, आणि तिला मोटारींच्या रांगेत थांबावे लागत नाही.

अखेर तिकिटे निघाली: येताना चिकलठाणा, जाताना मोपा. फक्त सामान माझ्याकडे ठेवण्याची सोय गेल्यामुळे बहीण नाराज आहे, आणि मोठी बॅग आणू नकोस हे मी तिला आतापर्यंत तीनदा कळवले आहे.