आत्या, मिरज आणि एचएमपीव्ही

आत्याचा खोकला काही केल्या हटेना. एक्स-रेत डाग, पण थुंकीत टीबी नाही, कोविड निगेटिव्ह. आज मिरजेत नाकात पार आतपर्यंत काडी घालून स्वॅब घेतला, पीसीआर पॅनेलसाठी. एकाच नमुन्यात कितीतरी जंतूंची जनुकं शोधतात! आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मेल्या, मेंदू काढतोस का?" पोरगा बिचारा ओशाळला.

संध्याकाळी रिपोर्ट: एचएमपीव्ही, म्हणजे ह्युमन मेटान्यूमोव्हायरस, श्वसनमार्गाचा एक विषाणू. २०२५च्या जानेवारीत चॅनलवाल्यांनी ज्याचा बागुलबुवा केला, तोच. सापडलाय २००१ सालीच, नेदरलँड्समध्ये! यावर खास औषध नाही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही आणि रक्ताचे रिपोर्टही बरे, म्हणून डॉक्टरांनी ते बंद केलं. टेस्ट महाग आहे, साध्या सर्दीला करायची गोष्ट नव्हे. आत्याला आता सांगलीला घरी जायची घाई झालीय.