मोरस

परवा दुपारी पावसाळी जाकिटाचे खिसे रिकामे करताना साखरेची एक पुडी हाताला लागली. मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या हॉटेलातली. दमट हवेनं आतल्या साखरेचा खडा झाला होता. टाकायला म्हणून उठलो आणि पुडी हातात घेऊन तसाच खाली बसलो.

आमच्या आजीच्या तोंडी साखर हा शब्द फारसा नव्हता. ती मोरस म्हणायची. मॉरिशसहून आलेली ती मोरस. देवाला मात्र ही मोरस चालत नसे. ती शुद्ध करायला हाडं वापरतात असं तिच्या कानावर आलेलं, त्यामुळे नैवेद्याला गूळच. आणि हीच आजी भाताला आधण ठेवता ठेवता मध्येच म्हणायची, "आपला एक माणूस मोरसला गेला, तो गेलाच." मी पाच-सहा वर्षांचा. मोरस म्हणजे फडताळातला पितळी डबा, एवढंच मला ठाऊक. एका दुपारी सगळे निजलेले पाहून मी त्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. डबा लवंडला, मुंग्या आल्या, पाठीत धपाटा बसला. माणूस काही सापडला नाही.

तो माणूस म्हणजे माझ्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ. म्हणजे माझा नक्की कोण? एवढ्या लांबच्या भावकीला हाक मारायला शब्द नाही, आणि खापराच्या पलीकडे विचारतंय कोण!

परदेशी शहरात गेलं की तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीत आपलं आडनाव हुडकायची मला जुनी खोड. हॉटेलच्या खणात जाडजूड डिरेक्टरी असायची तेव्हापासूनची. आडनाव सापडलं तरी फोन कधी केला नाही. "आहे बुवा एक" म्हणून डिरेक्टरी मिटायची आणि झोपायचं. पोर्ट लुईला मात्र मी खरोखरच शोधायला म्हणून गेलो होतो. सोबत भावकीची वंशावळही नेली होती, प्लास्टिकच्या पिशवीत.

बंदरालगत आप्रवासी घाट आहे. पूर्वीचं नाव कुली घाट. १८३४ पासून करारावरचे मजूर या बेटावर येऊ लागले आणि १८४९ पासून त्यांना उतरवून घेण्याची जागा ही. साडेचार लाखांवर माणसं आली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि आमची कोकणातली मंडळी मुंबईच्या धक्क्यावरून. वर चढायला सोळा दगडी पायऱ्या. मी त्या दोनदा मोजल्या. आमच्या घरात सगळेच सगळं दोनदा मोजतात, दूधवाला वैतागतो. दुसऱ्यांदा पंधराच भरल्या.

कागदपत्रं तिथून थोडं आत, मोका गावी, महात्मा गांधी संस्थेत. जुन्या वह्यांत काय नाही! नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव. शिवाय प्रत्येकाला एक नंबर. पुढेपुढे तर फोटोसुद्धा. टेबलापलीकडच्या बाईंनी हिंदीत नाव विचारलं. मी ऐटीत आडनाव सांगितलं.

"हे झालं आडनाव. त्यांचं नाव?"

मी पिशवीतून वंशावळ काढली. खापरपणजोबांच्या शेजारी एक रेघ होती आणि रेघेखाली लिहिलेलं 'मोरसवाले'. बस. ही वंशावळ वडिलांनी आजीला विचारून लिहिलेली. आजी सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव कधी घेत नसे. नवऱ्याचंही घेतलं ते उखाण्यात. आजोबा लवकर गेले, आणि मुलांनाही कधी विचारावंसं वाटलं नाही. मोरसवाले म्हटलं की सगळ्यांना कळत होतं ना.

बाईंनी समजूत घातली की नुसत्या आडनावाचा इथे तसाही उपयोग नाही. इथे बहुतेकांचं असंच झालं, बोटीवरून उतरलेल्या माणसाचं पाळण्यातलं नाव पुढे घराण्याचं आडनाव झालं. रामजी उतरला की त्याची पतवंडं सगळी 'रामजी'. म्हणजे आम्ही दीडशे वर्षं आडनाव सांभाळत बसलो आणि नाव घालवलं. त्यानं नाव तेवढं जपलं. आडनाव त्याच्याबरोबर त्या पायऱ्या चढलंच नाही. बाई भल्या होत्या. पाणी विचारलं, वंशावळीची घडीही नीट करून दिली.

पुढचे दोन दिवस मी लोकांचे कान बघत हिंडलो. आमच्याकडे कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या असतात. बाजारात एका भाजीवाल्याचे तसे दिसले. मी फारच निरखून पाहतोय असं वाटून त्यानं मला फ्रेंचमध्ये की क्रिओलमध्ये काहीतरी सुनावलं. एका देवळात एक आजीबाई चक्क मराठीत बोलल्या, गणेश चतुर्थीला इथे सगळ्या बेटाला सुट्टी असते म्हणाल्या. त्यांचे कान पदराखाली होते. हॉटेलातल्या चहाला व्हॅनिलाचा वास यायचा. तो सोसेना म्हणून साखर जास्त घालायचो, त्यातलीच एक पुडी खिशात राहिली असणार.

शेवटच्या दिवशी रोझ हिलच्या बसमध्ये बसलो. कंडक्टर पन्नाशीचा, सावळा, शिडशिडीत. टोपी कानावर ओढलेली. नोट दिली. त्यानं सुटे रुपये काढून मोजले. मग माझ्याकडे बघत पुन्हा एकदा मोजले आणि हातावर ठेवले.

नाव विचारावं, असं ओठांवर आलं होतं. विचारून जुळवणार कशाशी? आणि सुटे पैसे काय, कुठलाही कंडक्टर दोनदा मोजतो म्हणा.