तपकीर गल्लीतून कोर्लईच्या पाण्यात

आमच्या 26 फुटी शिडाच्या बोटीचा पहिला लांबचा प्रवास मांडव्याहून सुरू झाला असे सगळ्यांना सांगत असलो, तरी खऱ्या अर्थाने तो पुण्यात, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सुरू झाला. मी आणि माझा मावसभाऊ शीड हाताळायला शिकलो ते खडकवासल्याच्या पाण्यात, जिथे काठ कधीच नजरेआड होत नाही आणि वाट चुकलीच तर सिंहगडाकडे पाहून सावरता येते. त्यामुळे जुनी बोट विकत घेतली तेव्हा तिच्यावर एक होकायंत्र सोडून वाट, खोली किंवा संपर्कासाठीचे कोणतेही यंत्र नव्हते, याची आम्हाला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती यंत्रांच्या किमती पाहिल्यावर. सगळे काही घेतले असते तर ती रक्कम बोटीच्या किमतीच्या आसपास गेली असती, म्हणून आधी काय आणि नंतर काय हे ठरवणे भाग पडले.

पहिली कसोटी पैशाची नव्हती, बॅटरीची होती. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या गच्चीवर 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी ठेवून, काही मित्रांकडून मागून आणलेली यंत्रे एकेक करून जोडली आणि मीटरवर प्रवाह मोजला. सागरी नकाशावर आपले ठिकाण दाखवणारा सात इंची चार्टप्लॉटर पूर्ण उजेडात जवळपास 1 अँपिअर खात होता, इतर बोटींशी बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकताना 0.4, खोली दाखवणारे यंत्र 0.2, जवळच्या जहाजांची माहिती पकडणारा एआयएस रिसीव्हर 0.2 आणि डोलकाठीवरचा एलईडी दिवा 0.4. म्हणजे बारा तासांच्या रात्रीला साधारण 26 अँपिअर-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, त्यामुळे आपल्या हातात 50 असतात. याच हिशेबात रडारचे 2 आणि सुकाणू आपोआप धरणाऱ्या यंत्राचे सरासरी दीड अँपिअर मिळवले की आकडा 68 वर जातो. रडारचा विषय तिथेच संपला, आणि मावसभावाचा चेहरा उतरला, कारण त्याला रडारच हवे होते.

तारा आणि केबल घ्यायला गल्लीत गेलो तेव्हा दुकानदाराने चष्म्यावरून पाहत विचारले, “बोट कुठे चालवणार, मुठेत?” आम्ही समुद्राचे नाव काढल्यावर त्याने डिश टीव्हीची केबल पुढे केली. ती 75 ओहमची असते आणि सागरी व्हीएचएफला 50 ओहमची लागते, हे ऐकून त्याने दुसरे भेंडोळे काढले. तीही पातळ आरजी-58 होती. डोलकाठीच्या टोकापासून रेडिओपर्यंत 15 मीटर अशी केबल टाकली, तर प्रक्षेपणाची जवळपास निम्मी शक्ती वाटेतच जिरते. शेवटी जाड आरजी-213 घेतली. रेडिओ महाग घ्यायचा आणि केबल स्वस्त, ही चूक मी अनेक बोटींवर पाहिली आहे. अँटेनाची उंची तर त्याहून महत्त्वाची: 9 मीटर उंचीवरच्या अँटेनाचे रेडिओ क्षितिज सुमारे साडेसहा सागरी मैलांवर असते, तर हातात धरलेल्या संचाचे जेमतेम दोन-अडीच मैलांवर. म्हणून 25 वॉटचा पक्का बसवलेला, डीएससीचे, म्हणजे संकटात आपोआप हाक देणारे लाल बटण असलेला संच आम्ही निवडला. ते बटण 70 क्रमांकाच्या वाहिनीवर बोटीचा क्रमांक आणि ठिकाण पाठवते, बोलणे मात्र 16 वर होते. यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि त्या कागदपत्रांना वेळ द्यावा लागतो. परदेशी लेख वाचून उपग्रहावरून संदेश पाठवणारे खिशातले यंत्र मागवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणे हा गुन्हा ठरतो.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुणे सोडले. खोपोली, पेण, वडखळ करत मांडव्याला पोहोचून सामान लावेपर्यंत दुपारचे साडेबारा झाले. उधाणाची भरती नुकतीच पूर्ण झाली होती आणि वायव्येचा खारा वारा सुटला होता. खांदेरीला वळसा घालून दक्षिणेकडे निघालो. एआयएसवर मुंबई बंदराकडे जाणारी मोठी जहाजे नाव, वेग आणि दिशेसह दिसत होती. आमच्या पुढ्यातल्या होड्या आणि एका जागी बांधलेल्या डोल जाळ्यांचे तरंगते बोये त्यावर दिसणार नव्हतेच. या किनाऱ्यावर एआयएस हे मोठ्या जहाजांपासून दूर राहण्याचे साधन आहे, डोळ्यांना पर्याय नाही. आपले ठिकाण इतरांना कळवणारे ट्रान्सपाँडर आम्ही सध्या घेतले नाही, कारण आमची वाट जहाजांच्या मार्गापासून अलीकडे, किनाऱ्याच्या बाजूने जाते. मुंबई बंदराचा मार्ग ओलांडणाऱ्याने मात्र ते घ्यावे.

अलिबागसमोर एक विचित्र गोष्ट लक्षात आली. होकायंत्र आणि प्लॉटरवरची दिशा यांत दहा-बारा अंशांचा फरक पडत होता. आधी दोष ओहोटीच्या ओढीला दिला. हातातल्या छोट्या होकायंत्राने पडताळल्यावर कळले की ओढीचा काही संबंध नव्हता: व्हीएचएफचा स्पीकर आम्ही होकायंत्राच्या मागच्याच फळीवर ठोकला होता आणि स्पीकरमध्ये चुंबक असतो. हे नेमके अलिबागसमोर व्हावे याची गंमत वाटली. मुंबईत विजेच्या ट्राम आल्यावर कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून 1904 साली जी वेधशाळा सुरू झाली ती याच गावात आहे, आणि ती चुंबकावर परिणाम न करणारे साहित्य वापरून बांधलेली आहे. आमचा स्पीकर आम्ही तात्पुरता दोरीने बांधून मागे नेला आणि होकायंत्र ताळ्यावर आले. या किनाऱ्यावर खऱ्या उत्तरेत आणि चुंबकीय उत्तरेत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे असा घोळ लगेच उघडा पडतो.

खरी परीक्षा झाली ती रेवदंड्याला, कुंडलिका नदीच्या मुखाशी. पाच वाजत आले होते, ओहोटी उतरत होती, आणि प्लॉटरच्या नकाशावर आमच्याखाली 4 मीटर पाणी होते. नकाशावरची खोली सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजलेली असते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्तच पाणी असायला हवे. खोलीच्या यंत्रावर मात्र 3.4, मग 2.6, मग 1.9 असे आकडे उतरत गेले. आमच्या बोटीला 1.2 मीटर पाणी लागते. पावसाळ्यात खाडीमुखातला वाळूचा दांडा सरकतो, नकाशा सरकत नाही. आम्ही तत्काळ वळलो.

तेव्हापासून मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की कोकणासाठी पहिले यंत्र खोलीचे घ्या, आणि प्लॉटर दुसरे. नकाशा जुन्या फोनवरही उतरवून घेता येतो, भर उन्हात फोन तापून बंद पडतो आणि ओल्या बोटांना दाद देत नाही हे खरे असले तरी. खोलीला मात्र दुसरा पर्याय म्हणजे शिशाचे वजन बांधलेली दोरी, आणि वारा पाठीशी असताना ती वापरायला तिसरा माणूस लागतो. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारा आमचा सेन्सर तळाला भोक न पाडता आतून चिकटवलेला आहे. तळ सलग फायबरग्लासचा असेल तरच हे जमते, मध्ये फोम असेल तर आवाज आरपार जात नाही. चिकटवण्याआधी पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर तो टेकवून आकडा नीट येतो का ते पाहिले होते.

बाहेर, कोर्लईच्या डोंगराकडे तोंड करून नांगर टाकला. अंधार पडल्यावर वारा पडला. यंत्रावर 3.8 होते. मध्यरात्री उठून पाहिले तेव्हा 6.3, म्हणून आणखी साखळी सोडली. पहाटे पुन्हा 3.7. बॅटरी 12.4 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे निम्म्याहून जास्त भरलेलीच होती. जमिनीकडून मतलई वारा येऊ लागला तसे मावसभावाने चहा ठेवला आणि मी नांगर ओढायला पुढे गेलो.