निफाडच्या थंडीत मोटारसायकल चालू होत नसेल तर

डिसेंबरच्या उत्तरार्धात निफाड तालुक्यातील पारा अनेकदा 5 ते 6 अंशांपर्यंत उतरतो. त्या दिवसांत द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटेच बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात, आणि त्यासाठी घरातून निघताना अंगणात रात्रभर दवात उभी असलेली मोटारसायकल चालू होत नाही. आमच्या गल्लीत हिवाळ्यात असे एखादे दृश्य दिसतेच. माणूस किकवर किक मारतो, मधूनच बटण दाबून धरतो, मूठ पिळून रेस देतो आणि शेवटी दोघांना हाक मारून गाडी ढकलायला लावतो. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत गाडी चालू झाली नाही, तर चौथा प्रयत्न करण्याआधी थांबावे आणि गाडी नेमके काय करते आहे हे ऐकावे. आपल्याकडची थंडी हिमालयातल्यासारखी नसते. 5 अंशांवर सुस्थितीतील गाडी चालू व्हायलाच हवी, आणि ती होत नसेल तर उन्हाळ्यात जाणवला नव्हता असा एखादा दोष तिच्यात आधीपासूनच असतो.

बटण दाबल्यावर येणारा आवाज हा पहिला पुरावा होय. इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल किंवा नुसती रिलेची टकटक ऐकू येत असेल, तर पेट्रोलकडे वळण्याचे कारण नाही. तिथे बॅटरी पाहावी. लेड-ॲसिड बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि 0 अंशाच्या आसपास तिची क्षमता ढोबळमानाने एक-पंचमांशाने घटते. दुसरीकडे इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टर मोटरला नेहमीपेक्षा अधिक जोर लावावा लागतो. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा कमी होतो, आणि तीन वर्षे जुनी बॅटरी नेमकी इथे हार मानते. साधा मल्टिमीटर घरात असेल तर उत्तर लगेच मिळते: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसायला हवेत, आणि बटण दाबल्यावर आकडा 10 च्या बराच खाली कोसळत असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी व तरीही तसेच घडले तर बदलावी. मात्र नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी टर्मिनल उघडून पाहावेत. त्यांवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल किंवा स्क्रू सैल असेल, तर चांगली बॅटरीही मेलेली वाटते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टर्मिनल पुसावेत, पूर्ण कोरडे करावेत आणि घट्ट आवळावेत. सोडतानाची तार आधी ऋण टर्मिनलची आणि जोडतानाची आधी धन टर्मिनलची, हा क्रम पाळावा.

बटण एका वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा अधिक दाबू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यावे, कारण तेवढ्या विश्रांतीत बॅटरी थोडी सावरते. गाडी न्यूट्रलमध्ये असली तरी क्लच दाबून ठेवावा. त्यामुळे थंड ऑइलमध्ये चिकटलेल्या गिअरबॉक्सचा भार स्टार्टरवर येत नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या श्रेणीचेच वापरावे. 10डब्ल्यू-30 या आकड्यातील डब्ल्यूच्या आधीची संख्या थंडीतील वागणूक दाखवते आणि ती जितकी लहान तितके ऑइल पहाटे पातळ राहते. 10डब्ल्यू-30 सुचवलेल्या गाडीत दुकानदाराच्या सल्ल्याने 20डब्ल्यू-50 ओतले, तर पहाटेची किक जड होणारच.

इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, हा प्रकार अधिक रंजक आहे आणि इथेच सर्वाधिक वेळ वाया जातो. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलचे केवळ हलके घटकच वाफ होऊ शकतात. म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त असे मिश्रण द्यावे लागते. चोक ओढल्यावर मूठ पिळू नये. कार्ब्युरेटरमध्ये जास्तीचे पेट्रोल ओढून घेणारा जोर सिलिंडरच्या शोषणामुळे निर्माण होतो. मूठ पिळताच हवेचा मार्ग मोकळा होतो आणि चोकचा परिणाम बराचसा नाहीसा होतो. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण आता 20 टक्क्यांपर्यंत गेल्याने जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना हा नियम अधिकच लागू पडतो. इथेनॉल 78 अंशांना उकळते, वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते आणि त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रातून, तयार होणारे मिश्रण मुळातच पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, पडते. ते पाणीही ओढून घेते, त्यामुळे टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडाभर दवात उभी करणे टाळावे. तरीही शंका असेल तर कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून तिथले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा थेंब दिसला, तर कारण सापडले.

एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम आल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींना फ्यूएल इंजेक्शन आले आणि चोक गेला. या गाड्यांत इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर इसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, माहिती देतो आणि पेट्रोल आपोआप वाढवले जाते. चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक गुणगुण आवाज दोन-तीन सेकंद येतो. तो थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मुठीला हात न लावता बटण दाबावे. आवाज आलाच नाही तर फ्यूज आणि पंपाची वायर तपासावी. अशा गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असेल तर ढकलूनही सहसा उपयोग होत नाही, कारण पंप आणि इसीयू दोन्ही बॅटरीवरच जगतात.

यानंतर प्लग काढावा. प्लग काय सांगतो ते कोणत्याही गॅरेजवाल्याच्या अंदाजापेक्षा भरवशाचे असते. बरेच प्रयत्न करूनही प्लगचे टोक कोरडे असेल, तर पेट्रोल पोहोचतच नाही: कॉक, फिल्टर, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र पाहावे. टोक ओले असेल, तर पेट्रोल येते पण ठिणगी कमजोर आहे किंवा गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये जादा पेट्रोल साचले आहे. ओव्हर झालेल्या गाडीचा चोक बंद करून, मूठ पूर्ण पिळलेली ठेवून सात-आठ किक माराव्यात, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर जाते. काळी काजळी धरलेला प्लग साफ करण्यापेक्षा बदलणे मला अधिक योग्य वाटते. तो तुलनेने स्वस्त असतो. नव्या प्लगचा गॅपही मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने तपासावा, कारण गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि थंडीत कमकुवत कॉइल ते देऊ शकत नाही. ठिणगी पाहायची असेल तर प्लग त्याच्या छिद्रापासून दूर धरावा; तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते आणि ती पेटते.

हे सगळे ठीक असून गाडी फक्त पहाटेच त्रास देत असेल आणि दुपारी एका किकमध्ये चालू होत असेल, तर टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासून घ्यावे. व्हॉल्व्हची फट कमी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि थंड इंजिनाला तेवढीच उणीव पुरेशी ठरते. ही फट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायची असते, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडून सकाळी पहिले काम तेच करायला सांगावे.

चालू झालेली गाडी बंद गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये गरम करत ठेवू नये, कारण एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि थंडीमुळे दारे-खिडक्या लावलेल्या असतात. गाडी बाहेर काढावी, अर्धा-एक मिनिट चालू द्यावी, चोक हळूहळू पूर्ण बंद करावा आणि पहिले एक-दोन किलोमीटर जास्त रेस न देता जावे.