मॅटॅडोर, टॅपेट आणि मलकापुरातले दीड दिवस

पुण्याच्या ज्या गॅरेजमध्ये मी निघण्याआधी गाडी दिली होती, त्यांचं बिल अजून माझ्या डॅशबोर्डच्या खणात आहे. निळ्या पेनाने लिहिलंय : हेड काम, वॉल्व्ह ग्राइंडिंग, टॅपेट सेटिंग. या शेवटच्या दोन शब्दांपायी, म्हणजे इंजिनाचा वॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यातली केसभर फट लावण्याच्या कामापायी, डिसेंबरातले दीड दिवस मी कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या मलकापुरात एका पत्र्याच्या शेडसमोर काढले. गॅरेजचं नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, फोन उचलत नाहीत.

गाडी 1988 ची बजाज टेम्पो मॅटॅडोर. आधी शाळेची, मग मांडववाल्याची, आता माझी. मागे फळीचा पलंग, गॅसची शेगडी, पाण्याचा पिंप. इंजिन मर्सिडीझच्या परवान्याने इथेच बनलेलं ओएम 616, चार सिलिंडरचं डिझेल. तेच इंजिन पुढे ट्रॅक्सला आलं, त्यामुळे तालुक्याच्या गावालाही ते ओळखणारा मिस्त्री सापडतो. मॅटॅडोर घ्यायची असेल तर हे एकच कारण पुरेसं आहे. बाकी कारणं मला घरी विचारू नका.

पुणे ते कोल्हापूर काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात सेल्फ मारला तर गाडी उठेना. डिझेल पेटावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारा हीटर दोनदा दिला, तिसऱ्या सेल्फला उठली ती पांढरा धूर सोडत आणि थरथरत. एक सिलिंडर मारत नव्हता हे कळत होतं. पाचेक मिनिटांनी गरम झाली आणि थरथर आपोआप गेली. राहिली ती टकटक. मॅटॅडोरचं इंजिन दोन सीटच्या मधे, झाकणाखाली. बायकोच्या उजव्या गुडघ्याशी टक, टक, टक. ती म्हणाली, "हा आवाज काल नव्हता." मी म्हणालो, "होता." नव्हता.

तिथल्याच एका मोठ्या गॅरेजात दाखवली. झाकण न उघडता निदान झालं : बेरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, सोमवारी या. त्या दिवशी शुक्रवार होता. मी निघालो. हा सल्ला म्हणून घेऊ नका. खरंच बेरिंग असतं तर मी आंबा घाटात क्रँकसकट बसलो असतो.

बेरिंग आणि टॅपेट यातला फरक मात्र घरीही कळतो, आणि तो मला आधी माहीत असता तर बरं झालं असतं. कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटची टकटक इंजिनापेक्षा संथ आणि हलकी, वरून येणारी. बेरिंगचा आवाज खालून येतो, जड, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतो. पक्की खात्री करायची तर चालू इंजिनावर एकेका नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपाचा 17 चा नट जरासा सैल करायचा, म्हणजे तो सिलिंडर बंद पडतो. बेरिंग किंवा नोझलचा ठोका असेल तर त्या सिलिंडरला आवाज दबतो. टॅपेट असेल तर त्याला काही फरक पडत नाही, ते आपलं वाजतच राहतं. डिझेल उडतं, फडकं धरा, डोळे लांब ठेवा.

मलकापूरच्या अलीकडे टकटक इतकी वाढली की बायकोने बोलणं सोडलं. रस्त्यालगत एक शेड दिसली, बाहेर दोन ट्रॅक्स उघडून ठेवलेल्या. मिस्त्री साठीचे. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि कव्हरवर पुढून मागे सरकत गेले. तिसऱ्या सिलिंडरवर थांबले.

"बेरिंग न्हवं. टॅपेट हाय. कुणी उघडलंतं?"

मी बिल दाखवलं. त्यांनी बिल वाचलं नाही, मला विचारलं, "गरमावर सेट केलं का गारावर?"

मला काय माहीत! मी सकाळी गाडी चालवत नेऊन दिली होती आणि दुपारी चारला घेऊन आलो होतो. तेवढ्यात हेड काढून बसवलं, गाडी चालू करून पाहिली आणि टॅपेट लावले, म्हणजे गार व्हायला वेळच दिला नव्हता. मिस्त्री म्हणाले, "मग आज काय करत न्हाई. सकाळी बगू. तवर चालू करू नका."

आता इथून माझी चूक सुरू होते. या इंजिनाला टॅपेटची गॅप गार असताना इनलेटला (हवा आत घेणाऱ्या वॉल्व्हला) 0.10 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्या वॉल्व्हला) 0.30. मिस्त्रींच्या भाषेत चार थाऊ आणि बारा थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इंजिन तापलं की दोन्ही गॅप मिलिमीटरच्या पाच शतांशाने वाढतात. म्हणजे गरम इंजिनावर गारचे आकडे लावले तर गार झाल्यावर सगळे टॅपेट टाईट. हे मला रात्री पलंगावर पडल्या पडल्या, फोनवर मॅन्युअल वाचताना कळलं आणि मी फार हुशार झालो.

सकाळी सहाला उठलो. दवाने काच भिजलेली. बायको झोपलेली. म्हटलं मिस्त्री यायच्या आत कुठला सिलिंडर मारत नाही तेवढं शोधून ठेवू. सेल्फ मारला. तीच थरथर, तोच पांढरा धूर. 17 चा पाना घेऊन पहिल्याचा नट सैल केला, इंजिन आणखी लंगडलं. दुसऱ्याचा, तसंच. तिसऱ्याचा सैल केला आणि काहीच झालं नाही. म्हणजे तिसराच. इतका आनंद झाला की चौथाही तपासला, मग परत पहिला, आणि गाडी दहा मिनिटं चालू ठेवली.

नवाला मिस्त्री आले. मी निदान सांगायला तोंड उघडलं. त्यांनी आधी कव्हरवर तळवा ठेवला.

"चालू केलासा व्हय?"

"दहाच मिनिटं."

"मग आता संध्याकाळी."

बिडाचं इंजिन आहे, तापायला दहा मिनिटं, निवायला अख्खा दिवस. मी म्हणालो गरमचे आकडे वापरू, तेही मॅन्युअलमध्ये आहेत. ते म्हणाले, वापरा की, पण आत्ता ते गरम हाय का कोमट? गरमचे आकडे साधारण 60 अंशाचे. कोमटचा आकडा कुठल्याच पुस्तकात नाही. मी पंख्याने वारा घालू का, ओलं पोतं टाकू का, असं विचारून पाहिलं. ओल्या पोत्याला ते हसले नाहीत, चिडले. तापलेल्या हेडवर गार पाणी घालणाऱ्या माणसाला ते गाडीला हात लावू देत नाहीत म्हणे.

दहा वाजता कव्हर काढून ठेवलं, तेवढंच निवायला बरं. अकराला मी हात लावून पाहिला. साडेअकराला पाहिला. बाराला मिस्त्रींनी सांगितलं, दर अर्ध्या तासाला हात लावून ते गार होत नाही. समोर उसाच्या बैलगाड्या जात होत्या. बायकोने पिठलं केलं, हाताखालच्या दोघा पोरांसकट मिस्त्रींना वाढलं, आणि तिथून पुढे ते फक्त तिच्याशी बोलू लागले.

त्यात आणखी एक. या इंजिनाचे टॅपेट साध्या पान्याने लागत नाहीत. गॅपचा नट थेट वॉल्व्हच्या दांड्यावर असतो, खाली लॉकनट, दोन्ही 14 चे, आणि जागा इतकी अरुंद की मान वाकवलेले दोन पाने लागतात. मिस्त्रींचे पाने बांबवड्याला भाच्याकडे गेलेले. ते साडेतीनला एका दुधाच्या गाडीतून आले. कोणी सांगितलं 'आम्ही साध्या पान्यानेच करतो', तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. सकाळी जी चौकशी करायची ती हीच : वाकडे चौदा आहेत का? मला हे पुण्यात सुचायला हवं होतं.

पाचला तळवा ठेवला तर लोखंड खरंच थंड लागलं. पुढचं एक चाक जॅकवर उचललं, हँडब्रेक ओढला, गाडी टॉप गिअरला. मॅटॅडोरची पुढची चाकं ओढतात, त्यामुळे चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवलं की इंजिन फिरतं. पोरगा चाक फिरवी, मिस्त्री कॅमचं नाक (कॅमशाफ्टवरचा उंचवटा) रॉकरपासून (वॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीपासून) लांब गेलं की "बास" म्हणत. मी टॉर्च धरून होतो.

तिसऱ्या सिलिंडरच्या इनलेटखाली फिलर गेजचं, म्हणजे गॅप मोजायच्या पात्यांतलं, चार थाऊचं पातं घातलं, ते पोकळीत हललं. सहा, आठ. दहाचं नीट, जरासं घासत गेलं. मग एक्झॉस्ट. बाराचं टेकेचना. चारचंही जाईना. मिस्त्रींनी गेजमधलं सगळ्यात पातळ पातं काढलं, त्याचाही कोपरा दुमडला.

"उलटं लावलंय. इनलेटला बारा दिलेत, एक्झॉस्टला चार."

एका सिलिंडरवर इनलेट आणि एक्झॉस्टची अदलाबदल. वर गरमावर लावलेलं, वर नव्याने घासलेली सीट बसत गेली, आणि उरलीसुरली गॅपही गेली. गार असताना एक्झॉस्ट वॉल्व्ह पुरता बंदच होत नव्हता, म्हणून सकाळी कॉम्प्रेशन नाही (आतली हवा दाबलीच जात नाही) आणि पांढरा धूर. तापल्यावर केसभर गॅप सुटायची, म्हणून थरथर जायची. आणि दोन दिवस आम्ही ज्या आवाजाला घाबरलो, तो शेजारच्या ढिल्या इनलेटचा, निरुपद्रवी. मिस्त्री म्हणाले, वाजतंय ते टॅपेट वॉल्व्ह जाळत न्हाई, गप बसलेलं जाळतंय. अजून हजारभर किलोमीटर असाच चालवला असता तर वॉल्व्हची कड जळून हेड परत उतरवावं लागलं असतं.

बाकीचे सहाही टाईट निघाले, पण थोडेच. सगळे लावायला चाळीस मिनिटं लागली. कुठला वॉल्व्ह कुठला हे त्यांनी पाठ केलेलं नव्हतं, प्रत्येक वेळी वाकून कुठल्या मॅनिफोल्डचं (हवेच्या की धुराच्या नळीचं) तोंड समोर येतं ते पाहत होते. चाळीस वर्षं हे काम केलेला माणूस वाकून पाहतो, आणि पुण्यातला पोरगा पाहत नाही. कव्हरची पॅकिंग मात्र जुनीच घालावी लागली, थेंब थेंब ऑइल रत्नागिरीपर्यंत गळत होतं. पॅकिंग सोबत ठेवा, कुठेही मावते.

मजुरी त्यांनी तीनशे सांगितली. मी पाचशे दिले तर शंभर परत केले. हेड उघडलंय, थोडी चालली की पुन्हा एकदा गारावर बघून घ्या, एवढं बायकोला सांगितलं. मला सांगितलं नाही.

रात्र आंब्याला काढली, कडाक्याची थंडी होती. सकाळी एकदा हीटर, एक सेल्फ, आणि चारही सिलिंडर एकदम. बायकोने झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता बंद कर, नाहीतर परत संध्याकाळ."

रत्नागिरीत 14 चे दोन साधे पाने घेतले आणि लोहाराकडून तापवून वाकवून आणले. फिलर गेजसकट ते आता बिलाशेजारीच खणात असतात.